मालेफिक (२००२): कोठडीतला फ्रेंच भयपट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता?

'मालेफिक' हा फ्रेंच भाषेतला अलौकिक भयपट आहे. दिग्दर्शन एरिक व्हालेत यांचं, पटकथा आलेक्सांद्र शार्लो आणि फ्रांक मान्ये या जोडीची. याद्यांमध्ये त्याच्यापुढे कुठे २००२ दिसतं, कुठे २००३. चित्रपट २००२ चा, पण फ्रान्समधल्या चित्रपटगृहांत तो २००३ मध्ये लागला. लांबी साधारण दीड तास. जवळजवळ सगळा चित्रपट तुरुंगाच्या एकाच कोठडीत घडतो. भूत एकही नाही, पडका वाडा नाही. भिंतीत दडवलेली एक वही आहे आणि ती वाचणारी चार माणसं आहेत.

शोधल्यावर परीकथेचा चित्रपटच समोर येतो. असं का?

डिस्नेचा २०१४ चा 'मॅलिफिसंट' फ्रान्समध्ये याच नावाने लागला, आणि २०१९ च्या त्याच्या दुसऱ्या भागाच्या नावातही तोच शब्द होता. त्यामुळे नुसतं नाव टाकलं की शिंगवाली परी येते. नावासोबत दिग्दर्शकाचं आडनाव किंवा २००२ हे साल टाका. रोमन लिपीत ल नंतरच्या अक्षरावर तिरकी रेघ आहे, ती नाही टाकली तरी चालतं. सबटायटलची फाइल उतरवतानाही साल तपासा. चुकीच्या चित्रपटाची फाइल हाती येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

गोष्ट काय आहे? शेवट सांगू नका.

करेर (जेराल्द लारोश) हा धंद्यातल्या आर्थिक अफरातफरीपायी आत आलेला माणूस. बायको बाहेरून खटपट करेल, आपण लवकरच सुटू, या भरवशावर तो दिवस काढतो. कोठडीत आधीपासून तिघं आहेत. मार्क्युस (क्लोव्हिस कोर्नियाक) पिळदार शरीराचा, पण पुरुषातून स्त्री होण्याच्या वाटेवर अर्ध्यात असलेला. कोठडीत सत्ता त्याची. त्याच्या पंखाखाली पाकेरेत (दिमित्री रातो), बुद्धीने लहान मुलासारखा. हाती लागेल ते तो तोंडात घालतो आणि त्याने स्वतःच्या तान्ह्या बहिणीला खाल्लेलं आहे. तिसरा लासाल (फिलिप लोदेनबाख), वयस्कर, शिकलेला, बोलायला सभ्य, आणि बायकोचा खुनी.

एके दिवशी भिंतीतली एक वीट निघते आणि मागे एक जुनी वही सापडते. ती डॅन्व्हर्स नावाच्या कैद्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो याच कोठडीत होता, तारुण्य टिकवण्याच्या वेडाने पछाडलेला होता, आणि एक दिवस कोठडीतून नाहीसा झाला. वहीत मंत्र आहेत, आकृत्या आहेत. ती वाचता आली तर भिंत उघडेल, असं या चौघांना वाटू लागतं. इथून पुढचं स्वतः पाहा.

एक सूचना मात्र पाळा. सुरुवातीचा प्रसंग डॅन्व्हर्सच्या काळातला आहे आणि शेवट नीट कळायला तो पाहिलेला असावा लागतो. पहिली पाच मिनिटं चुकली असतील तर चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावा.

एका खोलीत दीड तास कंटाळा येत नाही का?

पळून जाण्याच्या चित्रपटात प्रेक्षक भिंतीकडे अडथळा म्हणून पाहतो. इथे भिंत हीच वाट आहे, आणि ती वाट किंमत मागते. त्यामुळे तीच वीट, तोच कोपरा, तीच खाट दर वीस मिनिटांनी वेगळ्या अर्थाने दिसते. चित्रपटाची खरी ताकद इथे आहे. पैसे कमी होते म्हणून जागा एक ठेवली असेल, पण लेखकांनी त्या एका जागेतच गोष्ट पेरली. कोठडी बदलली असती तर वहीचा धाक उरला नसता.

दुसरं कारण माणसं. प्रत्येकाला बाहेर जायचंय ते वेगळ्या हावेपोटी. करेरला मुलगा हवाय, मार्क्युसला वेगळं शरीर, लासालला ज्ञान. वही त्यांना फसवत नाही. त्यांनी मागितलेलंच ती देते, आणि ते भयंकर ठरतं. म्हणून पहिल्यांदा पाहताना मंत्रांपेक्षा कोण काय मागतो इकडे लक्ष ठेवा. पहिल्या अर्ध्या तासातली साधी वाटणारी बोलणी पुढे जशीच्या तशी वसूल होतात.

हा 'मार्टर्स'सारखा आहे का?

नाही. 'आ लँतेरियर' (२००७) आणि 'मार्टर्स' (२००८) या फ्रेंच भयपटांत शरीरावरची हिंसा हाच गाभा आहे. 'मालेफिक' त्यांच्या आधीचा आणि जुन्या वळणाचा: शापित ग्रंथ, निषिद्ध ज्ञान, अतृप्त इच्छा. रक्त आहे, आणि एका मृत्यूचा प्रसंग डोक्यातून जात नाही, पण तसले क्षण मोजके आहेत. उरलेला वेळ चित्रपट वाट पाहायला लावतो.

मुलांसोबत किंवा घरच्यांसोबत पाहता येईल?

मुलांसोबत अजिबात नको. हातापायांची मोडतोड, रक्त, तान्ह्या मुलीच्या हत्येचा उल्लेख, लैंगिक दडपशाहीची छाया हे सगळं आहे. मार्क्युसच्या चित्रणाबद्दल आधीच सांगायला हवं. अभिनय समंजस आहे, पाकेरेतला तो आईच्या मायेने सांभाळतो ते हळवं आहे. पण स्त्री होण्याची त्याची इच्छा काही ठिकाणी निव्वळ विचित्रपणा म्हणून वापरली आहे. तेवढं आज खटकतं, आणि खटकायलाच हवं.

ती वही खरी आहे का?

वही आणि डॅन्व्हर्स दोघेही काल्पनिक. पण फ्रान्समध्ये मंत्रतंत्राच्या पुस्तकांची परंपरा अगदी खरी आहे. सतराव्या शतकापासून त्र्वा शहरात निळ्या कागदी वेष्टनाची स्वस्त पुस्तकं छापली जात आणि फेरीवाले ती गावोगाव विकत. त्यांत पंचांगं, संतचरित्रं, वैद्यकीचे नुस्खे असत. 'पती आल्बेर' हे जादूच्या उपायांचं पुस्तक असंच खेड्यापाड्यांत पोचलं. म्हणजे असलं पुस्तक ही पंडितांच्या कपाटातलीच वस्तू नव्हती, शेतकऱ्याच्या घरातही ती सापडे. तुरुंगात एका कैद्याने हाताने लिहिलेली वही म्हणूनच फ्रेंच प्रेक्षकाला पटते.

डॅन्व्हर्सचा काळही विचारपूर्वक निवडलेला वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये आंरी लांद्र्यूचा खटला गाजला. दहा बायका आणि एका मुलाच्या खुनाबद्दल त्याला फेब्रुवारी १९२२ मध्ये व्हर्सायला गिलोटिनवर चढवलं. देखण्या वागण्याचा खुनी ही प्रतिमा तेव्हापासून तिकडच्या लोकांच्या मनात घट्ट बसली आहे. फ्रान्सने मृत्युदंड १९८१ मध्ये रद्द केला. डॅन्व्हर्सच्या काळात मात्र गिलोटिन सुरू होतं, हे लक्षात ठेवलं की त्याची घाई कळते.

ही मंडळी आधी-नंतर कुठे दिसतात?

शार्लो आणि मान्ये मूळचे विनोदी लेखक. कनाल प्लुस वाहिनीवरच्या बाहुल्यांच्या राजकीय व्यंग-कार्यक्रमासाठी ते लिहीत. २००८ मध्ये फ्रान्समध्ये दोन कोटींवर तिकिटं विकली गेलेल्या 'ब्यँव्हन्यू शे ले श्ती' या विनोदी चित्रपटाचे ते सहलेखक. त्याच वर्षीच्या 'ऑलिम्पिकमधला अ‍ॅस्टेरिक्स'च्या लेखकांतही ते आहेत, आणि त्यात अ‍ॅस्टेरिक्स झालाय क्लोव्हिस कोर्नियाक, म्हणजे आपला मार्क्युस. लोदेनबाख यांना फ्रेंच दिग्दर्शक त्र्यूफोच्या १९८३ च्या शेवटच्या चित्रपटात आणि 'दे झॉम ए दे द्यो' (२०१०) मध्ये पाहता येईल. व्हालेत यांनी २००८ मध्ये अमेरिकेत 'वन मिस्ड कॉल' हा जपानी भयपटाचा रिमेक केला. त्यावरून त्यांना जोखू नका.

माझ्या प्रतीची लांबी चार मिनिटांनी कमी आहे. काही कापलंय का?

बहुतेक वेळा काहीच कापलेलं नसतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चित्रित होतो. युरोपातल्या (आणि भारतातल्याही) पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी चालतो. वेग सुमारे ४ टक्के वाढतो आणि ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो. आवाजही अर्ध्या सुराहून जरा कमी इतका वर जातो. कानाला सहज कळत नाही, पण दोन प्रती शेजारी लावल्या तर लोदेनबाखचा खर्ज पातळ झालेला जाणवतो. खरंच कापलंय का हे पाहायचं तर एकूण लांबीला २५ ने गुणून २४ ने भागा. उत्तर दीड तासाच्या आसपास आलं तर चिंता नाही.

डिस्क मागवणार असाल तर विभाग (रीजन) पाहा. फ्रान्सच्या डीव्हीडी विभाग २ च्या, भारत विभाग ५ मध्ये. ब्लू-रेमध्ये फ्रान्स 'बी', भारत 'सी'. सर्व विभाग वाचणारा प्लेअर नसेल तर डिस्क नुसती फिरते. शिवाय फ्रेंच डिस्कवर इंग्रजी सबटायटल असेलच असं नाही. वेष्टनामागचा भाषांचा तक्ता वाचूनच पैसे भरा.

सबटायटल आधी जुळतं, मग मागे पडत जातं. काय करायचं?

दोन वेगळे बिघाड आहेत, आणि उपायही वेगळे. चित्रपटभर फरक सारखाच राहिला (समजा सगळीकडे ३ सेकंद) तर नुसतं सरकवायचं. व्हीएलसी या प्लेअरमध्ये एच कळीने सबटायटल उशिरा येतं, जी कळीने लवकर. दर दाबाला ५० मिलिसेकंद. पण फरक वाढत गेला तर तो वेगाचा फरक आहे. २४ च्या प्रतीसाठी केलेली फाइल २५ च्या प्रतीवर लावली तर दहाव्या मिनिटाला ती सुमारे २४ सेकंद मागे असते, तासाभराने जवळजवळ अडीच मिनिटं. सरकवून हे कधीच सुटत नाही. एक जागा जुळते, बाकीच्या निसटतात.

सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, चौकटींचा वेग बदलण्याचा पर्याय घ्या, 'पासून' मध्ये २३.९७६ आणि 'पर्यंत' मध्ये २५ भरा. सगळ्या वेळा ०.९५९ ने गुणल्या जातात. मग चित्रपटातलं पहिलं आणि शेवटाकडचं एक वाक्य तपासा. दोन्ही सारखीच चुकत असतील तर आता सरकवा. क्रम उलटा केलात तर आधी केलेली सरकवणीही गुणली जाते आणि पुन्हा घोळ होतो.

अक्षरांऐवजी चौकोन किंवा विचित्र चिन्हं दिसतात.

फाइल एका संकेतात (एन्कोडिंग) जतन झाली आणि प्लेअर दुसऱ्यात वाचतोय. फ्रेंच फाइल अनेकदा जुन्या विंडोज संकेतात असते, मराठीला यूटीएफ-८ लागतं. नोटपॅडमध्ये फाइल उघडा, 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये खाली यूटीएफ-८ निवडा. मात्र उघडल्यावर नोटपॅडमध्येच अक्षरं बिघडलेली असतील तर जतन करू नका. बिघाड कायमचा होतो. आधी योग्य संकेत निवडून उघडा. देवनागरीची जोडाक्षरं तुटत असतील तर फाँट बदला. निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी चालतो. व्हीएलसी ३ च्या आधीची असेल तर ती नवी करा.

मराठी सबटायटल करायचं आहे. काय सांभाळायचं?

ओळी जास्तीत जास्त दोन, ओळीला साधारण ४२ वर्ण, पडद्यावर किमान १ सेकंद आणि फार तर ६-७ सेकंद, दोन सबटायटलांत दोन चौकटींचं अंतर. देवनागरीत एक अडचण येते. प्रोग्रॅम काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतो, म्हणून छोट्या ओळीही लाल दिसतात. त्या आकड्याला घाबरून वाक्य छाटू नका. मोठ्याने वाचा, पात्राचं बोलणं संपण्याआधी वाचून झालं तर ओळ ठीक.

काम सुरू करण्याआधी कोण कोणाला अरे-तुरे करतो आणि कोण अहो-जाहो, याचा तक्ता लिहा. फ्रेंचमध्येही दोन रूपं आहेत, कान देऊन ऐकलं की कळतं. नवखा करेर, दांडगा मार्क्युस आणि सभ्य लासाल यांच्यातलं बळ संवादांत इथूनच दिसतं, आणि एखादं पात्र मध्येच रूप बदलतं ती जागा महत्त्वाची असते. इंग्रजी सबटायटलवरून काम केलं तर हे सगळं गळून जातं, म्हणून फ्रेंच येणारा एक माणूस सोबत हवाच. शिव्या सौम्य करू नका. आणि कैद्यांच्या तोंडी मुंबईची टपोरी भाषा घालू नका. माणसं फ्रान्सच्या तुरुंगातलीच राहू द्या. मंत्रांचं भाषांतर करायचंच नाही, ते कानांसाठी आहेत.

चित्रपट मंडळात (फिल्म सोसायटीत) दाखवायचा तर कोणती तयारी लागते?

आधी हक्क. डिस्क विकत घेतली म्हणजे सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही, हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राचाही प्रश्न येतो. मंडळ ज्या महासंघाशी संलग्न असेल तिथे तारीख ठरवण्याआधी विचारा.

मग अंधार. बहुतेक प्रसंग कमी उजेडाच्या कोठडीत आहेत, त्यामुळे सभागृहात जरा उजेड आला तरी चेहऱ्यांची अर्धी बाजू नाहीशी होते. ३ मीटर रुंदीच्या सोळा-नऊ पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस मीटर. चित्रपटगृहाइतका उजळपणा (चौरस मीटरला ४८ कँडेला) हवा तर सुमारे ७६० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या प्रकाशाचं माप) पडद्यावर पोचायला हवेत. दिवा जुना होत जातो, म्हणून १५०० ते २००० ल्युमेनचा प्रोजेक्टर घ्या. अंधाऱ्या खोलीत ४००० चा लावला तर काळा रंग करडा होतो आणि भीतीच निघून जाते. पांढऱ्या भिंती असतील तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर काळं कापड सोडा. 'डायनॅमिक' मोड टाळा, 'सिनेमा' ठेवा. घरच्या टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर चित्रपट मालिकेसारखा दिसतो.

आवाज संवादांवर नाही, कुजबुजीवर बेता. मंत्र म्हणण्याचा एक प्रसंग आधी लावून शेवटच्या रांगेत बसून ऐका. तिथे पंख्याची घरघर वरचढ होत असेल तर पंखे कमी करा.

असाच एका कोठडीचा लघुपट करायचाय. सेट कसा उभारायचा?

१० × १२ फुटांची कोठडी घ्या. घेर ४४ फूट, म्हणजे ४ × ८ फुटी प्लायचे ११ फ्लॅट (सेटच्या भिंतीचे तुकडे), आणि दारासाठी एक जास्त. निदान दोन भिंती काढता येतील अशा ठेवा. कारण गणिताचं आहे. सुपर ३५ आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २५ मिमी लेन्सला १० फुटांवरून सुमारे १० फूट रुंदी दिसते, ५० मिमीला ५ फूट. चार माणसं एका चौकटीत हवीत आणि चेहरे वाकडे नकोत, तर कॅमेरा भिंतीच्या जागेच्या मागे न्यावाच लागतो. भिंत न काढता १४ मिमी लावली की खोली मैदानाएवढी दिसते आणि कोंडमारा संपतो.

प्लायची भिंत दिसते छान, पण हात आपटला की पोकळ वाजते. मागून तिरके टेकू आणि वाळूच्या पिशव्या द्या. जिथे पात्रं टेकतात किंवा वीट काढतात तिथे ४ × ४ फुटांचा तुकडा खऱ्या विटांचाच बांधा. काढायची वीटही खरीच, फक्त बाजूंनी थोडी घासलेली. थर्मोकोलची वीट हलकी असते आणि ते बोटांवरून लगेच दिसतं: खरी वीट ओढताना नखं पांढरी पडतात, विटेखाली चुना सांडतो, आणि शेवटी वजन अचानक तळहातावर येतं.

आणि वही?

किमान तीन प्रती. एक जवळून दाखवायला, एक हाताळायला, एक फाडायला. एक लिटर पाण्यात चार-पाच चमचे चहा पावडर पाच मिनिटं उकळा, गाळून थंड करा, पानं पाच ते दहा मिनिटं बुडवून सपाट वाळवा. लिहायचं ते रंगवून वाळल्यावर, आधी नाही. साधी शाई चहात विरघळून पसरते. भिजल्यावर कागदावरचा चकाकीचा थर निघून जातो आणि शाई फुटते, म्हणून वाळल्यावर पातळ खळ फिरवा आणि पाण्याने न पुसणारी काळी शाई वापरा. समासाची लाल रेघ असलेला शाळेचा कागद घेऊ नका. कडा मेणबत्तीवर जाळण्याचा मोह टाळा. भिंतीत दडवलेली वही जळत नाही; तिला ओल लागते, बुरशी धरते, कोपरे मऊ पडतात. कोपरे ओल्या बोटाने चोळले तर तेच दिसतं.

यानंतर काय पाहू?

तुरुंग आवडला असेल तर जाक बेकेरचा 'ल त्रू' (१९६०). पॅरिसच्या ला सांते तुरुंगातल्या खऱ्या पलायन-प्रयत्नावरचा, आणि त्यात सामील असलेला एक माणूस स्वतः भूमिकेत आहे. फरशी फोडण्याचा प्रसंग मिनिटंच्या मिनिटं न कापता चालतो. आवाज पूर्ण वाढवून पाहा. रोबेर ब्रेसाँचा १९५६ चा लियाँच्या माँल्यूक तुरुंगातून सुटण्याचा चित्रपट त्याच्या जोडीला. व्हालेत यांचंच पुढचं काम हवं असेल तर 'ला प्रवा' (२०११): सुरुवात पुन्हा कोठडीत, पुन्हा सोबत्यावर टाकलेला चुकीचा विश्वास, या वेळी मात्र मंत्राशिवाय.